अबेल २०२९ चं वजन

सकाळी ९
आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या माझ्या टेबलावर दिवस सुरू होतो. मी दीर्घिकासमूहांकडून येणारे क्ष-किरण अभ्यासतो. ते पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, त्यामुळे त्यांची दुर्बीण अवकाशातच लागते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ वेधशाळा जुलै १९९९ पासून तिथं आहे आणि सुमारे ६४ तासांत पृथ्वीभोवती एक फेरी मारते. तिच्या संग्रहातून मी अबेल २०२९ ची निरीक्षणं उतरवून घेतो. हा दीर्घिकासमूह सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. त्यात किती कृष्णपदार्थ, म्हणजे न दिसणारा, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ आहे, हे मला काढायचं आहे.

सकाळी १०
आधी साफसफाई. वेधशाळेकडून मिळते ती एक लांबलचक यादी : कोणता फोटॉन कधी, कुठं आणि किती ऊर्जेनं आला. विद्युतभारित कणांचा मारा वाढला होता ते तास मी गाळतो. मागच्या दूरच्या दीर्घिकांमधली कृष्णविवरं ठिपक्यांसारखी चमकतात, तीही झाकतो. समूहाच्या कडेला प्रकाश क्षीण असतो. तिथं कचरा राहिला तर तापमान चुकतं आणि त्यापाठोपाठ वजनही.

दुपारी १२
समूहाचं चित्र केंद्राभोवतीच्या वलयांत विभागतो आणि प्रत्येक वलयाचा वर्णपट काढतो. आतल्या वलयाच्या पुढंमागं बाहेरचे थरही असतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. त्यांचा वाटा वजा करावा लागतो.

दुपारी २
जेवण करून एक्सस्पेक ही वर्णपट तपासायची संगणकप्रणाली उघडतो. दीर्घिकांच्या मधल्या जागेत अतिविरळ, तापलेला वायू भरलेला आहे. त्याच्या क्ष-किरणांतल्या चमकेवरून घनता कळते आणि वर्णपटाच्या आकारावरून तापमान. लोहाची ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा इथं ६.२ च्या आसपास दिसते, कारण विश्वाच्या प्रसरणानं ती सरकली आहे. तापमान येतं सुमारे ९ कोटी अंश.

दुपारी ४
आता मुख्य हिशोब. घनता आणि तापमान मिळालं की दाब मिळतो. इतका तापलेला वायू केव्हाच विखरून जायला हवा होता. तो टिकून आहे, म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला धरून आहे. प्रत्येक अंतरावर त्यासाठी किती वस्तुमान लागेल ते मी मोजतो. मोठ्या समूहांत एकूण वस्तुमानाच्या साधारण १२ ते १५ टक्के वायू असतो, तारे जेमतेम काही टक्के. उरलेला सगळा कृष्णपदार्थ. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये केश समूहातल्या दीर्घिकांच्या वेगांवरून हीच तूट दाखवली होती.

माझी विद्यार्थिनी विचारते, “सर, पण वायू शांत नसेल तर?” प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. बुलेट समूहात दोन समूहांची टक्कर झाली आहे. तिथं वायू मागं रेंगाळला आणि बहुतांश वस्तुमान पुढं निघून गेलं, हे २००६ मध्ये गुरुत्वीय भिंगाच्या, म्हणजे वस्तुमानामुळं प्रकाश किती वाकतो याच्या मोजमापांतून दिसलं. तिथं दाबाचा हा हिशोब लागू पडत नाही. म्हणूनच आम्ही अबेल २०२९ सारखा स्थिरावलेला समूह निवडला.

संध्याकाळी ६:३०
अमेरिकेत सकाळ झालेली असते. तिथल्या सहकाऱ्यांशी बोलणं होतं. विषय तोच : वायू किती शांत आहे. २०२३ मध्ये सोडलेल्या जपानच्या ‘एक्सरिझम’ वेधशाळेनं या समूहाच्या गाभ्यातल्या लोहरेषेची रुंदी मोजली. तिच्यावरून वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १७० किलोमीटर निघाला, आणि एकूण दाबातला खळबळीचा वाटा ३ टक्क्यांहून कमी. गाभ्यापुरता तरी आमचा पाया भक्कम आहे.

रात्री ८
आजचे आकडे त्रुटीच्या मर्यादांसह वहीत उतरवतो. मर्यादा न लिहिलेल्या आकड्याला विज्ञानात किंमत नाही.

भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना एक सांगायचं आहे. ‘चंद्रा’ वेधशाळेची बहुतेक निरीक्षणं साधारण वर्षभरात सर्वांना खुली होतात, आणि ती तपासायच्या प्रणालीही मोफत आहेत. कृष्णपदार्थ कशाचा बनला आहे, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. एक समूह निवडा आणि त्याचं वजन स्वतः करून पाहा.