शहर पाहावे तीन ऋतूंत

प्रवासाला निघणारा माणूस प्रथम विचारतो, "केव्हा जावे?" आपल्या शहराविषयी त्याला एकच उत्तर मिळते : थंडीत. आम्हांस ते अपुरे वाटते. सुखाच्या दिवसांत गाव नुसते दिसते. ते कळावयाचे असेल तर त्याच्या अडचणीच्या दिवसांतही जावयास हवे.

इटलीतील व्हेनिसच घ्या. उन्हाळ्यात तेथे प्रवाशांची रीघ लागते. पण पावसाळी हवेच्या हेमंतात भरतीचे पाणी चौकांत शिरते, तेव्हा समुद्राचा धाक काय तो कळतो. शिवाय, भोवती पाणीच पाणी असून पिण्यासाठी ते निरुपयोगी. म्हणून चौकाचौकांत जमिनीखाली वाळू भरलेली टाकी बांधून त्यांत पावसाचे पाणी गाळून घेत व मधल्या विहिरीतून काढीत. नळाचे पाणी तेथे आले ते १८८४ साली.

आपल्याकडे समुद्र नाही, तरी कोडे तेच आहे. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळालेले आपले शहर मलिक अंबराने १६१० साली 'खडकी' म्हणून वसविले. खाम नदीचा भरवसा पावसाळ्यापुरता. तेव्हा त्याने उत्तरेच्या डोंगरांकडचे पाणी नहरीने आणविले. युक्ती साधी होती. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गात घ्यावयाचे आणि उताराच्या बळावर गावात येऊ द्यावयाचे. मोट नको, बैल नको, आणि उन्हाने आटण्याचे भयही थोडे. पाणचक्कीलाही असेच खापरी नळांतून पाणी आले. भिंतीतून वर चढून ते हौदात कोसळे, आणि त्याच पाण्याच्या जोरावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी दळण होई.

आता ऋतूंचा हिशेब पाहू. पावसाळ्यात वेरूळला जावे. एकोणतिसाव्या लेण्याजवळ कोसळणारा धबधबा आणि हिरवे डोंगर पाहिले म्हणजे आपल्या मुलखात पाणी येते किती आणि वाहून जाते किती, ते ध्यानात येते. हिवाळ्यात कोवळ्या उन्हात बीबी का मकबरा पाहावा. उन्हाळ्यात मात्र पाणचक्कीच्या हौदाकाठी जावे आणि विचार करावा, की ह्या दिवसांत तेव्हाच्या माणसांची तहान कशी भागली असेल.

आज आपले पाणी पैठणच्या जायकवाडीहून येते. १९७६ साली पुरे झालेले ते धरण आपल्यापेक्षा सखल जागी आहे, म्हणून पाणी यंत्रांनी वर चढवावे लागते. वीज गेली की नळ थांबतो. लाखोंच्या वस्तीला एकट्या नहरी पुरणार नाहीत, हे उघड आहे. पण त्या मोडू देणे शहाणपणाचे नव्हे. जमिनीखाली असल्याने त्या दिसत नाहीत, आणि घराचा पाया वा रस्ता खणताना सहज तुटतात. एका ठिकाणी फुटली की खालच्या साऱ्यांचे पाणी जाते.

ही व्याख्यानमाला वसंतात भरते. श्रोत्यांनी येत्या वैशाखात एक सकाळ राखून ठेवावी, मुलांना संगे घ्यावे, आणि आपल्या मोहल्ल्याखालून नहर जाते काय, हे जुन्या माणसांना विचारावे. पाहुण्यांस शहर दाखविण्याआधी ते आपण पाहिलेले असावे.