सिमकार्डवाल्या कंपन्या आता विकणार तरी काय?

हेडफोन लावलेत? मग सांगा, मित्राला शेवटचा एसएमएस कधी पाठवलात? आठवत नाही ना? आता तिथे येतात फक्त ओटीपी आणि जाहिराती.

गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, सिनेमे-गाणी यूट्यूबवर. टेलिकॉम कंपनीकडे उरला डेटा. म्हणजे रस्ता त्यांचा, पण त्यावरची दुकानं दुसऱ्यांची.

मग आधी विचार आला टोलचा. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे घ्यायचं जाहीर केलं. लोक भडकले आणि काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने नियमच केला: अ‍ॅप बघून डेटाचा दर बदलायचा नाही. त्याच सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा पॅक घेतला की कॉल फुकट झाले.

केनियात सफारीकॉम कंपनीने वेगळी वाट धरली. २००७ मध्ये त्यांनी एम-पेसा सुरू केलं. साध्या फोनवरून पैसे पाठवायचे आणि रोख हवी तर जवळच्या एजंटच्या दुकानातून घ्यायची. बँक खातं नसलं तरी चालेल! आपल्याकडे मात्र यूपीआय थेट बँक खात्यांना जोडलं गेलं आणि बाजी मारली फोनपे, गूगल पे यांनी.

पण गंमत बघा. यूपीआय अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिममधून एक एसएमएस जातो. हा नंबर याच फोनमध्ये आहे, याची खात्री त्यावरूनच होते. म्हणजे तुम्ही 'तुम्हीच' आहात हे सांगणारी चावी अजून टेलिकॉम कंपनीच्याच हातात आहे.

माझ्या मते खरं भांडवल हेच. सप्टेंबर २०२४ मध्ये एअरटेलने संशयित स्पॅम कॉलचा इशारा फुकट द्यायला सुरुवात केली. वेगळं अ‍ॅप टाकायची गरज नाही, कारण नेटवर्क त्यांचंच. आता याची उलट बाजू: तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम एखाद्या भामट्याला मिळालं, तर ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि खातंही धोक्यात.

म्हणून फुकट ओटीटीपेक्षा विश्वास जपणारी कंपनीच टिकेल, असं मला वाटतं. पुढचा रिचार्ज मारताना जीबीबरोबर हेही बघा. नाहीच पटलं, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० वर एक एसएमएस पाठवायचा. बघा, एसएमएस शेवटी कामाला आलाच!