किल्ल्यापुढचे गलबत : हत्यार कोणते, रंग कोणता?

दिवाळी जवळ आली की अंगणात मुलांचे किल्ले उभे राहू लागतात. कोणी रायगड करतो, कोणी सिंहगड. पण एखाद्याने सिंधुदुर्ग करायला घेतला, की भोवती समुद्र आला आणि समुद्रात गलबतही आले. बाजारात प्लॅस्टिकची बोट मिळते, पण ती शिवरायांच्या आरमारातली दिसत नाही. तेव्हा वाचकहो, यंदा मुलांना घरीच लाकडी गलबत करू द्या. खर्च थोडा आहे. मात्र हत्यार आणि रंग या दोन गोष्टी वडीलधाऱ्यांनी निवडून द्याव्यात.

गलबत कसे असे?

मराठी आरमारात गुराब हे मोठे जहाज आणि गलबत हे लहान, चपळ जहाज. गलबताला दोन डोलकाठ्या असत. मोठ्या काठीवर भलेमोठे तिकोनी शीड असे, मागची काठी बारीक असे. वारा पडला की वल्ही मारून ते पुढे नेत. मुलांसाठी एक फूट लांब, तीन इंच रुंद आणि अडीच इंच जाड असा एकच ठोकळा पुरे.

लाकूड

शिवण मिळाल्यास उत्तम. ती हलकी असते आणि पटाशीखाली सरळ निघते. पांगारा मऊ असल्याने नवख्या हाताला सोपा. आंबाही चालेल, पण त्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून बारीक भोके आणि पिठासारखा भुसा नाही ना, ते पाहून घ्या. लाकूड वाळलेले हवे. ओल्याला पुढे चिरा पडतात. डोलकाठ्यांना बांबूच्या कांबी, शिडाला जुन्या धोतराचा तुकडा.

मोडक्या दाराखिडकीचे रंगवलेले लाकूड मात्र घेऊ नका. कारण पुढे येईलच.

हत्यारे

सुताराची पेटी विकत आणण्याची गरज नाही. बारीक दातांची करवत, अर्ध्या इंचाची एक पटाशी, लाकडी ठोकणी, अर्धगोल कानस, भोके पाडायला लहान सामता, गुण्या आणि जाड, मध्यम, बारीक असा तीन प्रकारचा पॉलिशपेपर एवढे पुरते. चिकटवलेले भाग धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे चांगले.

मुलाला बोथट पटाशी दिली म्हणजे हात कापणार नाही, असे आपल्याला वाटते. होते उलटेच. बोथट पटाशीला जोर लागतो आणि जोर लावला की ती निसटते. आपण विळ्याला धार लावूनच कापणीला जातो ना? तेच इथेही. पटाशी सहाणेवर धरून द्या, ठोकळा पाटावर पक्का बसवा, आणि दुसरा हात पटाशीच्या पुढे कधीही नको. दहा वर्षांखालच्या मुलांना पॉलिशपेपर आणि चिकटवण्याचे काम द्यावे.

रंग : इथे चूक करू नका

पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला ऑइलपेंटचा डबा बहुतेक घरांत फळीवर असतोच. माझ्याही घरी होता. मुलाच्या गलबताला त्यातलाच नारिंगी रंग मी स्वतःच्या हाताने दिला. चार दिवसांनी पाहतो तो धाकटी मुलगी गलबताची नाळ तोंडात धरून बसलेली, आणि रंगाचा पोपडा निघालेला. जुनी बॅटरी आणि जुना रंग वासरांना चाटू देऊ नका, शिशाची विषबाधा होते, असे गावोगाव सांगत फिरणारा मी. घरातले लेकरू मात्र विसरलो. डॉक्टरांना दाखवले, सुदैवाने निभावले. पण ती रात्र काही झोप लागली नाही.

पिवळ्या, लाल, नारिंगी तैलरंगांत पूर्वी शिशाचे क्षार सर्रास असत. शिसे लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला बाधते, आणि बाधा वरून दिसत नाही. ती रक्ततपासणीतच कळते. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये असा नियम लागू आहे. म्हणून डब्यावर तारीख आणि शिशाविषयीचा मजकूर वाचा. नसेल तर तो डबा मुलांच्या वस्तूला वापरू नका. जुने रंगवलेले लाकूडही घासू नका. त्याची धूळ नाकातोंडात जाते. पारंपरिक शेंदूर शिशाचाच आणि हिंगूळ पाऱ्याचा, तेव्हा तेही नकोत.

मग रंगवायचे कशाने? खऱ्या लाकडी होड्यांना कोकणात माशाचे तेल चोपडत. आपण घाण्याचे जवसाचे तेल वापरू. फडक्याने पातळ हात द्या, उरलेले तेल पुसून घ्या, चार-पाच दिवस वाळू द्या आणि पुन्हा एक हात द्या. लाकडाचा रंग खुलतो आणि पाणीही लवकर मुरत नाही. लाल पट्टा हवा असल्यास त्याच तेलात वस्त्रगाळ गेरू खलून घ्या. शीड चहाच्या पाण्यात बुडवले की जुनेर दिसते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. जवळ कडब्याची गंजी असेल तर विचारूच नका. फडके उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि रंग कालवायला औषधाच्या बाटलीचे झाकण किंवा रिकामा डबा घेऊ नका, कितीही धुतलेला असला तरी. नारळाची करवंटी आहेच.

आता उठा आणि फळीवरचा तो डबा आधी खाली काढून पाहा. गलबताचे काम त्यानंतर सुरू करा.