मशीनमध्ये लिनक्स, टेबलावर विंडोज

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली. विंडोज ११ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. अडते ते टीपीएम २.० या सुरक्षा-चिपवर आणि प्रोसेसरवर. इंटेलचा असेल तर थोडे अपवाद वगळता आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धापासूनचा लागतो. पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकणच्या जॉब-वर्क शॉपमध्ये स्टोअर्सच्या टेबलावरचा संगणक त्याहून जुना असेल, तर मालकापुढे तीन वाटा उरतात: पैसे भरून मुदतवाढ, नवा संगणक किंवा लिनक्स.

मुदतवाढीचा हिशेब सरळ आहे. व्यवसायांसाठी दर संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट: १२२ आणि २४४. तीन वर्षांचे ४२७ डॉलर. दहा संगणकांचे ४,२७०. डॉलर ८५ रुपये धरला तर सुमारे ३ लाख ६३ हजार. एवढे भरून ऑक्टोबर २०२८मध्ये हाती राहणार तेच जुने डबे.

आता लिनक्सकडे पाहू. जुलै २०२४मध्ये आलेल्या लिनक्स मिंट २२चे लायसन्स शुल्क शून्य. किमान २ जीबी रॅम, सुखाने चालायला ४. सुरक्षा-दुरुस्त्या २०२९पर्यंत. एवढ्यावर निकाल लावायचा तर लेख इथेच संपला असता. पण शून्य रुपयांचे सॉफ्टवेअर स्वस्तच पडते असे नाही, हे कारखानदाराला वेगळे सांगायला नको.

डेस्कटॉप रोजच्या कामाला तयार आहे का, या प्रश्नावर बहुतेकदा बाजारातला वाटा पुढे केला जातो. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत २०२४च्या मध्यास जगातल्या डेस्कटॉपवर लिनक्स साडेचार टक्क्यांच्या आसपास होते आणि भारतात चक्क १५ टक्क्यांच्या वर. भारताच्या आकड्याने हुरळून जाण्यात अर्थ नाही. ही मोजणी संकेतस्थळांच्या भेटींची आहे, संगणकांची नव्हे. आणि चाकणच्या डिस्पॅच ऑफिसात काय चालते ते तिला दिसत नाही.

त्यापेक्षा टेबलावरची कामे मोजावीत. स्टोअर्सवाल्याचे काम ग्राहकाचे पोर्टल, ई-वे बिल, मेल आणि चलनाची प्रिंट एवढ्यावर भागते. यातले जवळजवळ सगळे ब्राउझरमध्ये होते, आणि काही जुन्या पोर्टलांना लागणारा इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टनेच जून २०२२मध्ये निवृत्त केला. लिनक्सचे डेस्कटॉपही आता जुने झाले: केडीई १९९६पासून आणि ग्नोम १९९७पासून घडत आले आहेत. त्यांच्या खिडक्या, मेनू, फाइलींची मांडणी यांबद्दल आता तक्रारीला फारशी जागा नाही. २०११मध्ये ग्नोम ३ने सगळी मांडणी पालटली तेव्हा लोक वैतागले होते. त्याच वैतागातून मिंटचा सिनॅमन हा डेस्कटॉप आला, आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला आज तोच सर्वांत जवळचा वाटतो.

घोडे अडते ते पुढच्या टेबलांवर. टॅलीप्राइम फक्त विंडोजसाठी बनते. जीएसटी विवरणपत्रांच्या ऑफलाइन साधनाला विंडोज लागते. लिनक्सवर ते चालत नाही, असे त्याच्या सूचनांतच म्हटले आहे. केंद्र सरकारने मार्च २०१५मध्ये स्वतःच्या कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. सॉलिडवर्क्स आणि मास्टरकॅमही विंडोजचेच. मुक्तस्रोत फ्रीकॅडवर वीसहून अधिक वर्षे काम चालल्यावर १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४मध्ये आली. साध्या फिक्स्चरला ते पुरते, स्टेप फाइलही उघडते. पण ग्राहकाने कॅटियाची मूळ फाइल पाठवली की हात टेकावे लागतात.

क्वालिटीवाल्याची अडचण आणखी चिवट आहे. पीपॅपच्या, म्हणजे भागाच्या मंजुरीच्या कागदपत्रांच्या, १८ बाबींचे नमुने ग्राहक एक्सेलमध्ये पाठवतो, त्यात मॅक्रो असतात. लिबरऑफिस फाइल उघडते. मॅक्रो मात्र कधी चालतात, कधी नाही, आणि चौकटी सरकतात. सरकलेल्या चौकटीची पीपॅप परत आली तर तो दोष लिनक्सचा की ग्राहकाच्या साच्याचा, हा वाद घालायला कोणाला वेळ नसतो.

टॅलीवाला किंवा मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर एनीडेस्कवरून आत येतो, तेही ध्यानात ठेवावे. वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवर अशी बाहेरून येणारी जोडणी अडखळते. सिनॅमन अजून मुख्यतः जुन्या एक्स११वर चालतो. वर्कशॉपसाठी मी मिंट सुचवतो ते यामुळेही.

गंमत म्हणजे शॉपफ्लोअरवर लिनक्स केव्हाच येऊन बसले आहे. सीमेन्सच्या सिनुमेरिक ८४०डी एसएल कंट्रोलच्या आत तेच आहे, हायडेनहाइनच्या टीएनसी ६४०मधली हेरोस प्रणाली त्यावरच उभी आहे. चाकणला जुळणाऱ्या मर्सिडीजच्या डॅशबोर्डवरची एमबीयूएक्स प्रणालीही लिनक्सवर बेतलेली. तिथे तयारीचा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तिथे सॉफ्टवेअर आणि यंत्र एकाच हाताने निवडलेले असतात. टेबलावरचे सॉफ्टवेअर मात्र कर खाते, ग्राहक आणि सीए ठरवतात.

हीच गोष्ट म्युनिक शहराला महाग पडली. तिथे २०१३पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आले, पण २०१७मध्ये नगर परिषदेने विंडोजकडे परतायचे ठरवले. त्यात राजकारण होते, पण विंडोजवरच चालणाऱ्या कार्यालयीन प्रोग्रॅमांची कुरकुरही होती. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलिस दलाने उलट क्रम धरला: २००५मध्ये ओपनऑफिस, २००६मध्ये फायरफॉक्स, आणि माणसांचे हात त्यांवर बसल्यावर २००८पासून उबंटू लिनक्स. आज त्यांचे एक लाखाहून अधिक संगणक लिनक्सवर आहेत.

हा क्रम चाकणलाही लागू पडतो. लिबरऑफिस, फायरफॉक्स, फ्रीकॅड हे तिन्ही विंडोजवर चालतात. आधी सहा महिने तिथेच वापरून पाहावेत आणि कोणती फाइल अडते ते वहीत टिपत जावे. मग स्टोअर्स, डिस्पॅच, गेट यांचे संगणक हलवावेत. समजा दहापैकी आठ हलले आणि टॅली व कॅडचे दोन विंडोजवर राहिले, तर तीन वर्षांची मुदतवाढ ३ लाख ६३ हजारांवरून ७२-७३ हजारांवर येते. तेवढे पैसे मुदतवाढीत घालण्याऐवजी ते दोन संगणकच नवे घ्यावेत.