परकीय चलनातील ‘मॅनेज्ड अकाउंट’ : आधी परवाना, मग परतावा

खानदेशातील सामान्य माणसाचा डॉलरशी काय संबंध, असा प्रश्न एके काळी विचारला गेला असता. आज तो विचारता येत नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कापसाचा भाव परदेशी बाजारातील रुईच्या किमतीकडे पाहून हलतो. जळगावच्या सराफ बाजारातील सोन्याचा दर डॉलरच्या विनिमय दराबरोबर वरखाली होतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला रवाना झाली. परकीय चलन हा विषय अशा रीतीने शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचला आहे.

या ओळखीचा लाभ घेणारी एक नवी मंडळीही त्याच वाटेने आली आहे. ‘तुम्ही केवळ पैसे भरा, डॉलर, युरो, पौंडाची खरेदी-विक्री आमचे तज्ज्ञ करतील, महिन्याला अमुक टक्के नफा तुमच्या खात्यात जमा होईल,’ असे सांगणारे प्रतिनिधी व भ्रमणध्वनीवरील संदेश आता गावोगावी पोहोचतात. कापूस विकून हाती आलेली रक्कम, निवृत्त शिक्षकाचे उपदान, मुलीच्या लग्नासाठी राखलेली ठेव यांवर त्यांची दृष्टी असते. अशा अनेक योजनांतून कोणती निवडावी, असा प्रश्न मग घराघरांत चर्चिला जातो. वस्तुतः निवडीच्या आधी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : असे खाते उघडण्यास कायद्याची अनुमती आहे काय?

मॅनेज्ड अकाउंट म्हणजे काय?

या पद्धतीत खाते गुंतवणूकदाराच्या नावे उघडले जाते, पण खरेदी-विक्रीचा अधिकार व्यवस्थापकाकडे असतो. कधी मर्यादित मुखत्यारपत्र लिहून घेतले जाते, तर कधी केवळ खात्याचा परवलीचा शब्द मागितला जातो. काही ठिकाणी अनेकांचे पैसे एकत्र करून व्यवस्थापक व्यवहार करतो आणि नफा-तोटा प्रत्येकाच्या रकमेच्या प्रमाणात वाटून दिला जातो. खाते चालविणारी दलाली पेढी बहुधा परदेशात, एखाद्या लहानशा बेटावर नोंदलेली असते.

या व्यवहारात प्रत्यक्ष डॉलर हाती येत नाहीत. मार्जिन म्हणजे अनामत भरून तिच्या कित्येक पट रकमेचा सौदा केला जातो. समजा, ५० हजार रुपये भरले आणि पेढीने शंभर पट सौद्याची मुभा दिली, तर सौदा ५० लाख रुपयांचा होतो. भाव अर्धा टक्का विरुद्ध गेला की २५ हजार रुपये जातात. एक टक्का विरुद्ध गेला की संपूर्ण अनामत संपते. चलनबाजारात एक टक्क्याची हालचाल ही काही अपूर्व घटना नव्हे. मोठ्या नफ्याचे आमिष ज्या पटीवर उभे असते, तीच पट मुद्दलही गिळून टाकते.

कायदा काय सांगतो?

देशातील परकीय चलनाचे व्यवहार परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ या कायद्यानुसार चालतात. हा कायदा १ जून २००० पासून अमलात आला. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परकीय चलनाचा व्यवहार केवळ रिझर्व्ह बँकेने प्राधिकृत केलेल्या संस्थांशी आणि केवळ अनुमत कारणांसाठी करता येतो. संगणकावरून असे व्यवहार करावयाचे असल्यास ते रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या मंचावर अथवा राष्ट्रीय शेअर बाजार, मुंबई शेअर बाजार व मेट्रोपॉलिटन शेअर बाजार यांच्यावरच करावे लागतात.

या ठिकाणी एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. ‘भारतीय माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठविता येतात, मग अडचण कोणती?’ उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम पाठविता येते, हे खरे आहे. शिक्षण, औषधोपचार, प्रवास, परदेशातील समभाग इत्यादी कारणांसाठी ही सवलत आहे. तथापि परदेशी बाजारात अथवा पेढीकडे मार्जिन भरण्यासाठी आणि परदेशात चलनाची खरेदी-विक्री करण्यासाठी या योजनेतून पैसे पाठविण्यास स्पष्ट मनाई आहे. म्हणूनच हे पैसे बँकेच्या सरळ मार्गाने जात नाहीत. ते स्थानिक व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने, रोखीने किंवा आभासी चलनाच्या रूपाने मागितले जातात. पैसे भरण्याची ही आडवाट हाच पहिला धोक्याचा इशारा होय.

कायद्याचा भंग झाल्यास त्यात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड योजना चालविणाऱ्यापुरता मर्यादित नाही. अनधिकृत मंचावर व्यवहार करणारी व्यक्तीही कारवाईस पात्र ठरते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने चलनव्यवहारास अधिकार नसलेल्या ३४ नावांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध केली. ऑक्टाएफएक्स, एक्सनेस, एक्सएम, ऑलिम्प ट्रेड, आयक्यू ऑप्शन यांसारखी जाहिरातींमुळे परिचित झालेली नावे तीत होती. पुढे या यादीत वेळोवेळी भर पडत गेली. एखादे नाव यादीत नसले म्हणजे त्यास मान्यता आहे असे समजू नये, हेही बँकेने स्पष्ट केले आहे.

सारांश, परदेशी पेढीवरील मॅनेज्ड अकाउंटमध्ये चांगले कोणते आणि वाईट कोणते हा प्रश्नच उरत नाही. भारतातील रहिवाशाला अशा खात्याची अनुमतीच नाही.

परताव्याचे गणित

कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी अंकगणित आपली साक्ष देते. दरमहा १० टक्के हा आकडा ऐकण्यास लहान वाटतो. पण नफा मुद्दलात मिळवीत गेल्यास एक लाख रुपयांचे वर्षाअखेरीस सुमारे ३ लाख १४ हजार रुपये होतील आणि पाच वर्षांत ती रक्कम तीन कोटींच्या वर जाईल. ज्याला ही विद्या खरोखर साधली आहे, त्याला गावोगावी फिरून दुसऱ्याचे लाख-दोन लाख गोळा करण्याचे कारण काय?

व्यवस्थापकाचा मोबदला कसा ठरतो, हेही पाहण्यासारखे आहे. नफ्याच्या ३० टक्के व्यवस्थापकाला आणि तोटा गुंतवणूकदाराला, असा करार असल्याचे धरू. एक लाखावर पहिल्या महिन्यात २० हजार नफा झाला. व्यवस्थापकाने सहा हजार घेतले, खात्यात एक लाख १४ हजार राहिले. दुसऱ्या महिन्यात २० टक्के, म्हणजे २२ हजार ८०० रुपये तोटा झाला. खात्यात उरले ९१ हजार २००. दोन महिन्यांच्या अखेरीस गुंतवणूकदाराचे ८,८०० रुपये गेले आणि व्यवस्थापकाला सहा हजार मिळाले. शिवाय प्रत्येक सौद्यामागे प्रतिनिधीस दलाली मिळत असेल, तर सौदे जितके अधिक तितकी त्याची कमाई अधिक. काही पेढ्या तर ग्राहकाचा सौदा बाजारात न नेता स्वतःच त्याच्याविरुद्ध उभ्या राहतात. ग्राहकाचा तोटा हा तेथे पेढीचा नफा ठरतो.

ज्या देशांत असे व्यवहार कायदेशीर आहेत, तेथील अनुभवही बोलका आहे. युरोपीय रोखे व बाजार प्राधिकरणाने २०१८ मध्ये प्रमुख चलनांच्या सौद्यांवर तीस पटींची मर्यादा घातली. या प्रकारच्या करारांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खातेदार पैसे गमावतात, असे त्या वेळी निदर्शनास आले होते. आपल्याकडे सेबीने २०२४ मध्ये समभागांच्या वायदे व्यवहारांची पाहणी केली. मागील तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाल्याचे तीत आढळून आले. मान्यताप्राप्त बाजारातील ही स्थिती लक्षात घेता अनधिकृत मंचावरील खात्रीच्या नफ्याची किंमत ओळखणे अवघड नाही.

खानदेशचा दुहेरी अनुभव

गुंतवणूक ही गोष्ट खानदेशला परकी नाही. १९४५ मध्ये अंमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तेलाची कंपनी स्थापन झाली. हीच पुढे विप्रो या नावाने जगभर ओळखली गेली. अंमळनेरच्या ज्या कुटुंबांनी तिचे समभाग पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवले, त्यांना त्यांचे मोठे फळ मिळाले. त्यांच्यापाशी कायद्याने नोंदलेल्या कंपनीचे भागपत्र होते आणि कंपनीचा कारखाना गावातच उभा होता. दरमहा ठरावीक परताव्याचे आश्वासन मात्र कोणीही दिलेले नव्हते.

याच जिल्ह्याने दुसरी बाजूही पाहिली आहे. जळगाव येथे मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय सहकारी पतसंस्थेतील ठेवी अडकल्या, २०१५ मध्ये संचालकांना अटक झाली आणि संस्थेवर अवसायक नेमण्यात आला. आपलेच पैसे परत मिळविण्यासाठी ठेवीदारांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले. ती संस्था निदान नोंदणीकृत होती, तिची कार्यालये व मालमत्ता देशात होत्या. ज्या पेढीचा पत्ता सातासमुद्रापलीकडे आहे, तिच्यावर जप्ती आणणे किती दुष्कर ठरेल, याची कल्पना यावरून यावी.

पैसे देण्यापूर्वी

पुढील गोष्टींची खातरजमा केल्याखेरीज कोणीही रक्कम देऊ नये :

१. योजनेस कोणाची मान्यता आहे? रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर प्राधिकृत संस्था, मान्यताप्राप्त मंच व सावधगिरीची यादी पाहावयास मिळते. केवळ कंपनी म्हणून झालेली नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे व्यवहाराचा परवाना नव्हे.

२. व्यवस्थापक आपण सेबीकडे नोंदलेलो आहोत असे सांगत असल्यास त्याचा क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळावा. नोंदणीकृत पोर्टफोलिओ व्यवस्थापकास ५० लाखांपेक्षा कमी रक्कम स्वीकारता येत नाही आणि परताव्याची हमीही देता येत नाही. पाच-पन्नास हजार रुपये घेऊन हमी देणारा मनुष्य नोंदणीकृत व्यवस्थापक असू शकत नाही.

३. पैसे कोणाच्या खात्यात जातात? पेढीचे नाव एक आणि खातेदाराचे नाव दुसरे असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

४. नवे सभासद आणल्यास दलाली मिळते काय? मिळत असेल, तर आजचा ‘नफा’ बहुधा उद्याच्या सभासदाच्या मुद्दलातून दिला जात असतो.

सुरुवातीची लहान रक्कम नफ्यासह परत मिळाली, हा प्रामाणिकपणाचा पुरावा मानू नये. मोठी रक्कम यावी म्हणून टाकलेले ते आमिष असू शकते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारे आकडेही मंच चालविणाऱ्याच्याच हातात असतात.

वैध मार्ग कोणासाठी?

परकीय चलनाचा वायदा निषिद्ध आहे, असा याचा अर्थ नव्हे. राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाले. एका कराराचे परिमाण एक हजार डॉलर असते. केळीच्या निर्यातदाराला दोन महिन्यांनी दहा हजार डॉलर यावयाचे असतील, तर डॉलर एक रुपयाने घसरल्यास त्याचे दहा हजार रुपये बुडतात. त्याने दहा करार विकून ठेवल्यास अथवा बँकेशी पुढील तारखेचा दर ठरवून घेतल्यास हा धोका पुष्कळ अंशी टळतो. धोक्यापासून संरक्षण हाच या बाजाराचा हेतू आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने तो अधिक स्पष्ट केला. त्याची अंमलबजावणी ३ मे २०२४ पासून झाली. दहा कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यासाठी आगाऊ कागदपत्रे दाखवावी लागत नाहीत, परंतु त्यामागे प्रत्यक्ष येणे किंवा देणे असलेच पाहिजे. ज्याला डॉलर यावयाचे नाहीत की द्यावयाचे नाहीत, त्याच्यासाठी हा बाजार नाही.

पैसे गुंतले असतील तर

ज्यांची रक्कम आधीच अडकली आहे, त्यांनी भिडेपोटी अथवा भीतीपोटी गप्प बसू नये. ऑनलाइन रक्कम गेली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. वेळ जितका कमी गेला असेल, तितकी रक्कम पुढील खात्यात गोठविली जाण्याची शक्यता अधिक. पैसे भरल्याच्या पावत्या, संदेश व प्रतिनिधीचा क्रमांक जपून ठेवावा आणि पोलिसांच्या सायबर किंवा आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार द्यावी. अनधिकृत ठेवींविषयी रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. लोकांकडून ठेवी गोळा करून त्या बुडविल्या असल्यास ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा अधिनियम लागू होऊ शकतो. त्याखाली मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना रक्कम देण्याची तरतूद आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा अधिनियमही अशा वेळी उपयोगी पडतो. ‘खात्यातील नफा काढण्यासाठी आधी वीस टक्के कर भरा’ अशी मागणी आल्यास एक पैसाही देऊ नये. गेलेल्या रकमेच्या पाठोपाठ आणखी रक्कम नेण्याचा तो प्रकार असतो.

कापसाचे बोंड फुटण्यास आणि केळीचा घड भरण्यास किती काळ लागतो, हे खानदेशच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पेरल्यानंतर दर महिन्याला हमखास पीक देणारे बियाणे कोणी विकू लागला, तर तो त्याला दारातही उभा करणार नाही. पैशाच्या बाबतीतही हीच पारख वापरली आणि परताव्याआधी परवान्याची चौकशी केली, तर कष्टाची कमाई घरातच राहील.