कुकीचे व्याकरण

नियम आधी की रूढी आधी, हा प्रश्न मी मराठीच्या वर्गात तीस वर्षांहून अधिक काळ शिकवीत आलो. त्यामुळे या स्मृतिव्याख्यानासाठी संगणकातील ‘कुकी’ हा विषय निवडताना आपण परक्या प्रांतात शिरत आहोत, असे मला वाटले नाही. हाच प्रश्न संगणकाच्या जगातही दीर्घकाळ वादाचा विषय झाला, आणि त्या वादात सामान्य वापरकर्त्याच्या हिताचे एक कलम बाजूला पडले. ते कसे पडले, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम कुकी म्हणजे काय ते पाहू. संकेतस्थळे ज्या पद्धतीने संदेश देतात-घेतात तिला एचटीटीपी म्हणतात. ही पद्धत मुळात विसराळू आहे. आपण एक पान मागितले, ते मिळाले, की पलीकडचा सर्व्हर आपल्याला विसरला. दुसरे पान मागावयास गेलो की आपण पुन्हा अनोळखी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर रखवालदार पत्र्याचा बिल्ला देतो. बिल्ल्यावरील आकड्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नसतो; तो जसाच्या तसा परत दाखविणे एवढेच आपले काम. कुकी हा तसाच बिल्ला आहे. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ साली ही युक्ती वेबसाठी योजली. ‘मॅजिक कुकी’ ही संज्ञा युनिक्सच्या मंडळींत त्याआधीच रूढ होती.

बिल्ला सांभाळण्याचे काम आपल्या बाजूचे सॉफ्टवेअर करते. त्याला क्लायंट म्हणतात. ब्राउझर हा त्यातला परिचित प्रकार. परंतु रात्री आपोआप एखाद्या संकेतस्थळावरून माहिती आणणारा छोटा प्रोग्रॅम हादेखील क्लायंटच. बिल्ला चुकीचा वाचला, तर सर्व्हर आपल्याला ओळखत नाही. नको तेथे दाखविला, तर भलताच आपल्याला ओळखतो.

नेटस्केपने आपली पद्धत एका त्रोटक टिपणात लिहून ठेवली आणि जगाने ती उचलली. नंतर इंटरनेटचे मानक ठरविणाऱ्या मंडळींनी फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०९ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याचे लेखक डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः माँटुली. हे व्याकरण काटेकोर होते, पण बोलीशी जुळेना. आता गंमत पाहा. नेटस्केपच्या रीतीत कुकीची मुदत तारखेने लिहीत, आणि तारखेत वारानंतर स्वल्पविराम येई. नव्या नियमाने एकाच ओळीत अनेक कुकी लिहिण्याची मुभा दिली आणि त्यांच्यामध्ये विभाजक म्हणून स्वल्पविरामच ठेवला. नियमाबरहुकूम वाचणारा क्लायंट जुन्या कुकीची तारीख मधोमध तोडून एकाच्या दोन कुकी करणार! एका स्वल्पविरामाने अर्थाचा केवढा अनर्थ होतो, हे व्याकरणाच्या शिक्षकाला निराळे सांगावयास नको.

अवतरणचिन्हांचेही तसेच. जुन्या रीतीत ती मजकुराचाच भाग मानली जात. नव्या रीतीत ती केवळ वेष्टन होती. वेष्टन समजून क्लायंटने ती काढली आणि सर्व्हर जुन्या वळणाचा असला, तर त्याला आपलाच बिल्ला ओळखू येत नसे. नव्या नियमाप्रमाणे क्लायंटने परत पाठविताना आवृत्तीचा आकडाही जोडावयाचा होता. जुना सर्व्हर त्यालाच आणखी एक कुकी समजे.

ऑक्टोबर २००० मध्ये आरएफसी २९६५ आले. त्याने ‘सेट-कुकी२’ नावाचे निराळे शीर्षकच काढले. ते फारसे कोणी वापरले नाही. भार पडला तो क्लायंट लिहिणाऱ्यांवर. अपाचीच्या ‘एचटीटीपीक्लायंट’ या जावा-संग्रहात तर प्रोग्रॅमरसमोर पर्यायांची यादीच होती: नेटस्केपची रीत, मानकाची रीत, ब्राउझरांशी जुळवून घेणारी रीत, आणि समोरचे पाहून जमेल ती रीत. पायथन भाषेतील ‘कुकीजार’ने व्यवहारी मार्ग धरला. २१०९ च्या वळणाची कुकी आली तरी ती सामान्यतः जुन्या नेटस्केप वळणाचीच मानावी, असे त्याने ठरविले.

हा तिढा एप्रिल २०११ मध्ये ॲडम बार्थ यांनी लिहिलेल्या आरएफसी ६२६५ ने बराचसा सोडविला. मला त्यातील विचार फार मोलाचा वाटतो. त्याने नियमांचे दोन भाग केले. सर्व्हरने कसे लिहावे, हे एका भागात, कडक. क्लायंटने कसे वाचावे, हे दुसऱ्यात, सढळ. वाचताना स्वल्पविरामावर कुकी तोडावयाची नाही. तारखेत वार कोणता लिहिला आहे, इकडे बघावयाचेच नाही. वेळ, दिवस, महिना आणि वर्ष तेवढे शोधून घ्यावयाचे. वर्ष दोन आकडी असेल तर ७० ते ९९ हे विसाव्या शतकातले, ०० ते ६९ हे एकविसाव्यातले. मुदत तारखेनेही दिली असेल आणि सेकंदांनीही, तर सेकंद प्रमाण. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतर आपणही असेच वागलो. लिहिताना नवा नियम पाळला. पण आजोबांच्या पत्रांतील अनुस्वारांनी वाचन कधी अडले नाही.

येथवर रूढीचा विजय मला मान्य आहे. पुढचे मात्र मान्य नाही. आपण एक पान उघडतो, त्यात दुसऱ्याच सर्व्हरवरून जाहिरातीचे चित्र येते, आणि त्या चित्राबरोबर त्या परक्याचा बिल्ला आपल्या खिशात पडतो. मग तेच परके अनेक पानांवर आपल्याला ओळखू लागते. वापरकर्त्याने पाहून न निवडलेल्या अशा व्यवहारात कुकीला मूलतः मज्जाव असावा, असे १९९७ च्याच नियमाने सांगितले होते. प्रमुख ब्राउझरांनी ते कलम स्वीकारले नाही, आणि २०११ च्या मानकाने रूढीची नोंद घेताना हा निर्णय ब्राउझरांवर सोपविला. स्वल्पविरामाची रूढी लोकांच्या सोयीतून आली होती. ही रूढी जाहिरातीच्या नफ्यातून आली. दोहोंना एकच माप लावणे मला पटत नाही.

पुढे सफारीने मार्च २०२० मध्ये परकी कुकी सरसकट अडविली. क्रोमने त्याच वर्षी ‘सेमसाइट’ या खुणेविषयी नवा नियम आणला: खूण नसेल तर कुकी बहुतांश घरातल्या घरातच राहील, बाहेर न्यावयाची असेल तर ‘नन’, म्हणजे बंधन नाही, असे स्पष्ट लिहावे. पण आयओएस १२ च्या सफारीला हा शब्द ठाऊक नव्हता, आणि अनोळखी शब्दाचा अर्थ तिने ‘कडक बंधन’ असा नेमका उलटा घेतला. तेव्हा कित्येक संकेतस्थळांना एकाच पाहुण्यासाठी दोन बिल्ले द्यावे लागले, एक नव्या खुणेचा आणि एक बिनखुणेचा. ज्याला जो वाचता येईल तो त्याने दाखवावा.