जिनिंगमध्ये जिन्न नसतो

दिवाळीच्या आगेमागे जैनथच्या शिवारात पऱ्हाटी पांढरी होते. वेचलेला कापूस आदिलाबादच्या यार्डाकडे निघतो आणि मराठी बोलणारा असो की तेलुगू, प्रत्येकाच्या तोंडी एकच इंग्रजी शब्द येतो: जिनिंग. आता ह्यातला ‘जिन’ म्हणजे काय, असं कुणी विचारलं की एक उत्तर हमखास पुढे येतं. शंभर माणसांचं काम एकटं करणारं यंत्र, म्हणून साहेबांनी त्याला जिन्न म्हटलं, दिव्यातून निघतो तोच. उत्तर ऐकायला गोड आहे, लक्षातही राहतं, आणि म्हणूनच ते चुकीचं आहे हे कितीही वेळा सांगितलं तरी मरत नाही. त्याला आधार काय, तर दोन शब्द कानाला सारखे लागतात, एवढाच. इतक्या आधारावर नाती जुळवायची ठरली तर आपल्या ‘मका’चं माहेर मक्केत निघेल.

वस्तुस्थिती साधी आहे. यंत्रवाचक ‘जिन’ हा ‘इंजिन’चाच आखूड झालेला भाऊ. जुन्या फ्रेंचमध्ये ‘आंजँ’ असा शब्द होता, त्याच्या मागे लॅटिनचा ‘इंगेनिउम’, म्हणजे अंगची हुशारी. हुशारीवरून हुशारीने केलेली युक्ती आणि युक्तीवरून युक्तीचं साधन, असा अर्थ सरकत गेला. इंग्रजीत हा ‘जिन’ साधारण इ.स. 1200 पासून लिखाणात सापडतो, आणि तेव्हा त्याचा कापसाशी काडीचाही संबंध नव्हता. पाखरं-जनावरं पकडायचा सापळा तो जिन, जड ओझं उचलायची तिकाटी तोही जिन. कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र ह्या घरात फार उशिरा आलं. उलट अरबी ‘जिन्न’ इंग्रजी लिखाणात दिसू लागतो तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर यंत्राचा ‘जिन’ चारशे वर्षं वापरून गुळगुळीत झालेला होता. मुलाचं नाव पाहुण्यावरून ठेवलं म्हणायचं आणि पाहुणा मात्र चारशे वर्षांनी दारात आलेला, हे कोणत्या हिशेबात बसतं? शिवाय ‘जिन्न’चं स्वतःचं कूळ स्वच्छ आहे. अरबीत ज-न-न ह्या धातूचा अर्थ झाकणं, दडवणं. न दिसणारा तो जिन्न, झाडीने झाकलेली बाग ती जन्नत, ज्याच्या बुद्धीवर पडदा पडला तो मजनू. ह्या कुळात यंत्राला जागाच नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की इंग्रजीतला ‘जिनी’ तरी जिन्नच ना, आणि तो तर लॅटिनमधून आला म्हणतात. आक्षेप रास्त आहे. अंत्वान गालां ह्याने 1704 ते 1717 ह्या काळात अरबी कथांचं फ्रेंच भाषांतर काढलं. जिन्नसाठी त्याने फ्रेंचमधला तयार शब्द ‘जेनी’ वापरला. हा ‘जेनी’ लॅटिनच्या ‘गेनिउस’पासून आलेला, मूळ अर्थ माणसाची पाठराखण करणारी देवता. अर्थ जवळचा, आवाज जवळचा, काम भागलं, आणि तोच पुढे इंग्रजीत ‘जिनी’ झाला. पण हे मानलेलं नातं आहे, रक्ताचं नव्हे. राखी बांधल्याने आडनाव बदलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सारखा आवाज पुरावा नसेल, तर लॅटिनचा ‘गेन्’ आणि संस्कृतचा ‘जन्’ एकाच मुळाचे, हे भाषातज्ज्ञ कसं सांगतात? ते आवाजावरून सांगत नाहीत, नियमावरून सांगतात. लॅटिनमध्ये गुडघा ‘गेनु’, संस्कृतात ‘जानु’. लॅटिनमध्ये वंश ‘गेनुस’, संस्कृतात ‘जनस्’. तिकडे ग तिथे इकडे ज, अशी जोडी अनेक शब्दांत पुन्हापुन्हा दिसते. एकदा जुळलं तर योगायोग, ओळीने जुळत गेलं तर वंशावळ. ‘इंगेनिउम’च्या पोटात हाच ‘गेन्’ आहे. म्हणून जिन्न नव्हे, पण आपला ‘जन्म’ मात्र जिनिंगच्या ‘जिन’चा दूरचा नातलग आहे. बीटी बियाण्याच्या चर्चेत येणारं ‘जनुक’ आणि इंग्रजी ‘जीन’ हेही त्याच गोतावळ्यातले.

दारूची ‘जिन’ ह्या सगळ्याच्या बाहेरची. ती डच ‘जेनेव्हर’वरून आली, तो लॅटिनच्या ‘युनिपेरुस’वरून, म्हणजे आपल्याकडे हाऊबेर म्हणतात ते झुडूप, त्याच्याच फळांचा वास त्या दारूला असतो. लांब नाव कापून ‘जिन’ एवढंच उरलं, हे लेखक बर्नार्ड मँडव्हिलने 1714 मध्येच लिहून ठेवलं आहे. जिनिव्हा शहराचा तिच्याशी संबंध नाही. शब्दकोश यंत्र आणि दारू ह्यांना दोन वेगळ्या नोंदी देतो, तो ह्याचसाठी. मराठीत विड्याचं पान आणि वहीचं पान हे ‘पर्णा’चेच दोन अर्थ; मद्यपानातलं ‘पान’ मात्र ‘पा’ धातूचं, निराळं. दिसायला तिन्ही सारखीच.

बाकीचे समज एकेका ओळीचे. जीन्सचं कापड कापसाचं असलं तरी नाव इटलीच्या जेनोआ शहराचं. घोड्यावरचं जीन फारसी. पत्त्यांतला जिन-रमी बहुधा रम आणि जिन ह्या दारूंवरची कोटी.

राहिला एली व्हिटनी, ज्याने ‘जिनचा शोध लावला’ असं पाठ्यपुस्तकी वाक्य आहे. 14 मार्च 1794 चं त्याचं पेटंट खरं. पण ते सरकीला घट्ट चिकटलेल्या आखूड धाग्याच्या अमेरिकन कापसासाठी तारेच्या दात्यांचं यंत्र होतं. दोन रूळ उलट दिशांनी फिरवून सरकी मागे ठेवणारी चरखी भारतात त्याच्या कितीतरी आधी चालत होती, आणि तिला मराठीत रेचा म्हणत. इतिहासकार अँजेला लॅकवेट ह्यांनी 2003 च्या पुस्तकात व्हिटनीच्या ह्या दंतकथेचा पद्धतशीर समाचार घेतला आहे. आजही आपल्याकडच्या बहुतेक जिनिंगमध्ये दाते नसतात. चामड्याच्या चकत्यांचा रूळ फिरत रुई ओढतो, त्याला टेकलेलं स्थिर पातं सरकी अडवतं, वरखाली होणारं दुसरं पातं तिला टकटक ठोकून खाली पाडतं. क्विंटलभर कापसातून जेमतेम एक तृतीयांश रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. आपल्या त्या जुन्या चरखीला इंग्रज ‘चर्का’ म्हणत आणि तेच नाव त्यांनी आपल्या पुस्तकांत लिहिलं. त्यांनी आपला चरखा उचलला, आपण त्यांचा जिन. दोन्ही उसनवाऱ्या कागदोपत्री नोंदलेल्या आहेत. त्यासाठी दिवा घासावा लागत नाही.